कागद हरवला म्हणून प्रतिज्ञापत्र करताय? या चुका टाळा

जून उजाडला की माझ्या टेबलापुढं रांग लागते. ‘ताई, दाखला हरवलाय, एक अ‍ॅफिडेव्हिट मारून द्या, अर्ध्या तासात पाहिजे.’ सोलापुरात कोर्टाजवळ टायपिंगचं टेबल टाकून मला एकोणीस वर्षं झाली. माणसं बदलतात, चुका त्याच. कागद हरवल्यावर जिवाची होणारी घालमेल मला कळते. पण घाईत केलेलं प्रतिज्ञापत्र खिडकीवरून परत आलं की त्याच माणसाला पुन्हा सगळ्या चकरा माराव्या लागतात, आणि आपल्याकडचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. प्रतिज्ञापत्रानं हरवलेला कागद तयार होत नाही. मूळ नोंद कुठल्या ना कुठल्या रजिस्टरात असते आणि नक्कल तिथूनच मिळते. तुम्ही शपथेवर फक्त एवढं सांगता की माझ्याजवळची प्रत अमुक दिवशी, अमुक प्रकारे गेली, ती मी कुणाला दिलेली नाही आणि सापडली तर परत करीन.

गरज नसताना प्रतिज्ञापत्र करणं

माझ्याकडं येणाऱ्या दर दहातल्या दोघातिघांना तरी मी तसंच परत पाठवते. जन्माचा दाखला हरवला? महापालिकेत नोंद आहे ना, मग अर्ज करा, दुसरी प्रत मिळते. (नोंदच झालेली नसेल तर ते प्रकरण वेगळं. वर्षापेक्षा जास्त उशीर झाला असेल तर अधिकाऱ्याचा आदेश लागतो.) सातबारा, फेरफार, आठ-अ यांच्या नकला मिळतात. खरेदीखत नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून प्रमाणित प्रत आणि सूची दोन (म्हणजे व्यवहाराचा थोडक्यात उतारा, ‘इंडेक्स टू’) मिळते. आधार ऑनलाइन उतरवून घेता येतं, पॅन पुन्हा छापून येतं. गाडीचं आरसी बुक गेलं तर नमुना २६ भरायचा. गाडीवर कर्ज असेल तर त्यावर फायनान्सवाल्याची सही लागते, ती राहिली म्हणून कितीतरी अर्ज अडकतात. पासपोर्टला परिशिष्ट ‘एफ’ असा ठरलेला नमुना आहे, तो साध्या कागदावर स्वतःच्या सहीनं द्यायचा आणि सोबत पोलिसांतली नोंद जोडायची.

आधी खिडकीवर जाऊन ‘काय काय लागेल’ एवढं विचारून या. शेजारच्यानं सांगितलं म्हणून येऊ नका.

हरवलं नाही, तरी ‘हरवलं’ लिहिणं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यात एक घर जवळजवळ बसलेलं मी पाहिलंय.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार आला, पन्नाशीचा, अंगात कामावरचाच शर्ट, खांद्यावर सुताचे तुकडे चिकटलेले. घर तारण ठेवून बँकेचं कर्ज काढायचं होतं आणि मूळ खरेदीखत घर बदलताना गहाळ झालं म्हणाला. बँकेनं पोलिसांतली नोंद, पेपरात जाहीर नोटीस आणि प्रतिज्ञापत्र असं तिन्ही मागितलं होतं. मी नेहमीचा मजकूर टाइप केला. त्यात एक वाक्य असतंच, ‘सदर दस्त मी कोठेही गहाण, तारण अथवा अन्य कोणाच्या ताब्यात दिलेला नाही.’ त्यानं सही केली. नोटीस छापून आली, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत. आठव्या दिवशी एक माणूस मूळ खरेदीखत घेऊन नोटीस देणाऱ्या वकिलाकडं हजर! त्यानं त्या कागदावर दोन लाख दिले होते.

कर्ज तिथंच थांबलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी येऊन बसला. म्हणाला, ‘अक्का, तो काय कागद परत देणार नव्हता. मला वाटलं, हरवल्यातच जमा.’ त्याच्या मनात फसवायचं नव्हतं, हे मी आजही छातीठोक सांगेन. पण शपथेवर लिहिलेलं खोटं ठरलं होतं. भारतीय न्याय संहितेत खोट्या पुराव्याला न्यायालयीन कामात सात वर्षांपर्यंत आणि इतर ठिकाणी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याचं प्रकरण समजुतीवर मिटलं, पण मिटेपर्यंत त्याच्या बायकोचं डोरलं मोडलं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. ते गहाण-तारणाचं वाक्य मी मोठ्यानं वाचते, थांबते आणि समोरच्याकडं बघते. कुणी खाली बघितलं की टायपिंग थांबवते. कागद सावकाराकडं आहे, भावाकडं आहे, सोडून गेलेल्या नवऱ्याकडं आहे, जुन्या मालकानं कपाटात ठेवलाय, तर तो हरवलेला नाही. त्याच्याकडून मागायचा, नोटीस पाठवायची, वकिलाला विचारायचं. रस्ता लांबचा आहे, पण खरा आहे.

मुलांच्या बाबतीत हेच कॉलेजमध्ये होतं. फी थकली म्हणून मूळ गुणपत्रिका अडवून ठेवतात आणि मुलं ‘हरवली’ लिहून डुप्लिकेट काढायला बघतात. बाळांनो, विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्येच सांगितलंय की संस्थांनी विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची नाहीत. तक्रार अर्ज करा, तो मी आनंदानं टाइप करून देईन.

आणि चोरी झाली असेल तर चोरीच लिहा. पर्स मारली तर गुन्हा नोंदवा. ‘हरवलं म्हटलं की लवकर उरकतं’ हा सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही, सही तुमची असते.

आधारवरचं नाव बघून मजकूर लिहिणं

सोलापुरात ही चूक जेवढी होते तेवढी दुसरीकडं होत असेल असं मला वाटत नाही. इथं एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही भाषा नांदतात. शाळेतल्या रजिस्टरात ‘व्यंकटेशम’, आधारवर ‘वेंकटेश’, रेशनकार्डावर ‘व्यंकटेश’. आईचं नाव कुठं ‘लक्ष्मीबाई’, कुठं नुसतं ‘लक्ष्मी’, अक्कलकोटकडच्या कागदावर ‘लक्ष्मव्वा’. आडनाव कधी पुढं, कधी मागं. माणूस एकच, पण खिडकीवरच्या कारकुनाला ते तिघे दिसतात.

एका मुलीचं सांगते. डिप्लोमाच्या प्रवेशासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत हवी होती. तिच्या भावानं मोबाईलवर कुठला तरी नमुना उतरवला, आधार बघून नाव भरलं, नोटरी करून शाळेत दिलं. शाळेच्या जनरल रजिस्टरात वडिलांचं नाव वेगळं आणि जन्मतारखेतला महिनाही वेगळा. शाळेनं घेतलं नाही, आणि शाळेचं बरोबरच होतं. मग माझ्याकडं आले. तोवर प्रवेशाची ती फेरी संपली. पुढच्या फेरीत तिला प्रवेश मिळाला, पण पाहिजे होती ती शाखा गेली. पोरगी माझ्या टेबलाच्या कडेला नख घासत गप्प उभी होती, ते अजून डोळ्यापुढं येतं.

म्हणून माझ्याकडं कुणी दाखल्यासाठी आलं की पहिल्यांदा शाळेत पाठवते. ‘रजिस्टरवरून चिठ्ठीवर उतरवून आण : रजिस्टर नंबर, नाव जसंच्या तसं, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं वर्ष.’ त्या चिठ्ठीशिवाय मी अक्षर टाइप करत नाही. लोक चिडतात, चिडू दे. जुनी झेरॉक्स, बोनाफाईड, फोनमधला फोटो, काहीही चालतं, पण ते मूळ नोंदीवरून आलेलं पाहिजे. मजकुरात नाव नोंदीप्रमाणेच घालायचं आणि खाली स्वतंत्र परिच्छेदात लिहायचं की आधारवर माझं नाव असं असं आहे, दोन्ही नावांची व्यक्ती मीच. एवढ्यानं नाव बदलत नाही हेही लक्षात ठेवा. नाव कायमचं बदलायचं तर राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं.

पोलिसांत एक, प्रतिज्ञापत्रात दुसरंच

तयार नमुन्यात ‘प्रवासात गहाळ झाले’ असं असतं आणि लोक तसंच ठेवतात. पोलिसांतल्या नोंदीत मात्र लिहिलेलं असतं, गड्ड्याच्या जत्रेत पिशवी पडली. तारीखही जुळत नाही. साहजिकच कार्यालयाला शंका येते. आधी पोलिसांकडं जा, जिथं हरवलं त्या हद्दीच्या ठाण्यात. गहाळ झाल्याची नोंद घ्या, तिचा क्रमांक आणि तारीख प्रतिज्ञापत्रात घाला. उलट क्रमानं करू नका. नक्की तारीख आठवत नसेल तर ‘जानेवारी महिन्यात, अंदाजे दुसऱ्या आठवड्यात’ असं लिहा. अंदाज आहे तर अंदाज म्हणा, त्यात कमीपणा नाही.

चुकीच्या दारात जाणं

सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. १९९८ च्या बी.कॉम.ची पदवी हरवलेले काका आजही सोलापूर विद्यापीठाच्या नावानं प्रतिज्ञापत्र करून आणतात. गुणपत्रिकेवर कोणाचं नाव आहे ते बघा, त्यांच्याच नावानं लिहा. दहावी-बारावीचं बोर्डाचं विभागीय कार्यालय आपल्यासाठी पुण्यात आहे.

स्टॅम्पचा घोळ

ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या स्टॅम्पचं काम पाचशेच्या स्टॅम्पवर गेलं, आणि तेव्हापासून घाबरलेली माणसं प्रत्येक गोष्टीला पाचशेचा स्टॅम्प घेऊन येतात. सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. उत्पन्न, जात, रहिवासी अशा दाखल्यांसाठी तर साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. बिडी वळून घर चालवणाऱ्या बाईचे पाचशे रुपये असे फुकट जाताना बघवत नाहीत. बँक, विमा कंपनी, खासगी संस्था यांचं मात्र वेगळं. तिथं स्टॅम्प लागतो, आणि बँक बहुतेक वेळा इंडेम्निटी बाँड, म्हणजे पुढं नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी हमी, मागते. तो दस्तच निराळा, त्याला प्रतिज्ञापत्र चालत नाही.

स्टॅम्प स्वतःच्या नावानं घ्या. सहा महिन्यांच्या आतला असू द्या. घरात पडलेला मामाच्या नावाचा स्टॅम्प आणू नका.

भराभर सांगायच्या काही

घरून सही करून आणू नका. सही नोटरीसमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोरच करायची असते. व्हाईटनर लावू नका, चुकलं तर रेघ मारून शेजारी सही करा. नोटरीच्या शिक्क्यावर नोंदणी क्रमांक आणि मुदत बघा, मुदत संपलेली असेल तर कागद परत येतो. नोटरीच्या रजिस्टरात तुमची सही झाली का ते बघा आणि तो अनुक्रमांक लिहून घ्या. कोऱ्या कागदावर सही कुणालाच देऊ नका, घरच्या माणसालाही नाही.

न वाचता अंगठा

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडून नुसता अंगठा घेऊन मोकळं होणारी मुलं बघितली की मला राग येतो. मागच्या वर्षी एक आजी आल्या, अशोक चौकाकडच्या. मराठी समजायचं पण बेताचं. नातू घड्याळ बघत म्हणत होता, ‘अंगठा दे आजी, चल.’ मी त्याला बसवलं. शेजारच्या टेबलावरच्या अण्णांना बोलावलं, त्यांनी एकेक ओळ तेलुगूत वाचून दाखवली. तिसऱ्या ओळीला आजींनी हात वर केला. कागद ‘नजरचुकीने’ हरवला असं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, पुराच्या पाण्यात पेटी भिजली, कागदाचा लगदा झाला, तो मी स्वतः फेकला. म्हणजे हरवला नव्हता, नष्ट झाला होता. मजकूर बदलला. शेवटी ‘वरील मजकूर प्रतिज्ञापकास तेलुगू भाषेत वाचून व समजावून सांगितला’ अशी ओळ घातली, वाचून दाखवणाऱ्याची सही घेतली आणि मग अंगठा. वीस मिनिटं गेली.

नंतर मूळ कागद सापडला तर

गप्प बसू नका आणि दोन्ही प्रती वापरू नका. ‘सापडल्यास जमा करीन’ असं तुम्ही लिहून दिलेलं असतं. हरवल्याचं कळवलेला पासपोर्ट तर नंतर सापडला तरी चालत नाही, त्यावर प्रवास करायला जाऊ नका. दोन वर्षांपूर्वी एका ताईंना मुलाचा शाळेचा दाखला लोखंडी पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत सापडला. दुसरी प्रत घेऊन वर्ष झालं होतं. त्या सरळ माझ्याकडं आल्या, आम्ही मुख्याध्यापकांच्या नावानं चार ओळींचं पत्र लिहिलं, मूळ दाखला सोबत जोडला, आणि त्या शाळेतून पोच घेऊन संध्याकाळी मला दाखवायला परत आल्या.