वाचताना मन कुठे जाते, हे मोजावे कसे

डोळे ओळींवरून सरकत असतात, पानही वेळेवर उलटले जाते आणि मन मात्र केव्हाच दुसरीकडे गेलेले असते; समोर बसलेल्याला तर ते दिसत नाहीच, पण पुष्कळदा वाचणाऱ्या मुलालाही त्याचा पत्ता नसतो. मन भरकटण्याचे मोजमाप अवघड होते ते यामुळेच, म्हणून एकाच साधनावर विसंबू नये.

सुरुवात प्रश्नावलीने करावी. मानसशास्त्रज्ञ म्रॅझेक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रश्नावली अवघ्या पाच विधानांची आहे. एकसुरी कामात लक्ष टिकवणे जड जाणे, मजकूर डोक्यात न शिरल्याने पुन्हा वाचावा लागणे, अशा अनुभवांना ‘जवळजवळ कधीच नाही’पासून ‘जवळजवळ नेहमीच’पर्यंतच्या सहा पायऱ्यांवर उत्तर द्यायचे असते आणि बेरीज ५ ते ३० यांच्या दरम्यान येते. विधानांत ठपक्याचा सूर येऊ देऊ नये, कारण कबुलीजबाब मागितला जातो आहे असे वाटले की मुले सावध उत्तरे देतात. उत्तरे शिक्षकांना दाखवली जाणार नाहीत असे सांगावे, आणि अर्थातच ते पाळावे.

प्रश्नावलीतून सवय कळते. नेमका क्षण पकडायचा तर वाचन चालू असताना मध्येच थांबवून विचारावे लागते. वीसेक मिनिटांचा उतारा द्यावा, पाच-सहा वेळा घंटी वाजवावी आणि घंटी वाजण्याच्या अगदी आधी मन कुठे होते, एवढेच विचारावे: उताऱ्यात, मुद्दाम दुसरीकडे नेलेले, की नकळत गेलेले? शेवटच्या दोन पर्यायांची गल्लत करू नये, कारण कंटाळून ठरवून रमणे वेगळे आणि लक्ष निसटणे वेगळे. घंटांमधले अंतर असमान ठेवावे, नाहीतर मुले वाचन सोडून घंटीचीच वाट पाहू लागतात.

स्वतःच्या सांगण्याला वर्तनाची जोड हवी असल्यास १९९७ पासून वापरात असलेली अंकांची चाचणी घ्यावी. पडद्यावर १ ते ९ मधले अंक येतात, प्रत्येक अंकाला बटण दाबायचे आणि केवळ ३ आला की हात आवरायचा. मन हरवले की हात यंत्रवत चालतो, प्रतिसाद वेगवान होत जातात आणि ३ वरही बटण दाबले जाते. उतावळ्या मुलांच्याही अशा चुका होतात, म्हणून केवळ या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

परिणामांबाबत अधिक जपून राहावे. वर सांगितलेल्या २०१३ च्या अभ्यासात मन अधिक भरकटणाऱ्या तरुणांचे वाचनाचे आकलन कमी आणि ताण जास्त आढळला. पण उदास मनही सहज भटकते, तेव्हा कारण कोणते आणि परिणाम कोणता हे अशा संबंधावरून ठरत नाही. यासाठी मनःस्थिती आणि आदल्या रात्रीची झोप यांची नोंद वाचनापूर्वीच घ्यावी. आकलनाचे प्रश्न घंटी वाजली त्याच परिच्छेदांवर बेतावेत, म्हणजे एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करण्याऐवजी त्याच मुलाने मन लावून वाचलेला परिच्छेद आणि नुसता डोळ्यांखालून गेलेला परिच्छेद शेजारी ठेवून पाहता येतात.