हळद पिवळी पडली? भरणीचं पोतं फोडण्याआधी रानातला चुना तपासा

एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत लावलेली हळद आता अडीच-तीन महिन्यांची होत आली. भरणी, म्हणजे ओळीला माती चढवून खताचा शेवटचा हप्ता द्यायचं काम, तोंडावर आहे. सांगली जिल्ह्यातल्या मिरज, पलूस, वाळवा, तासगाव, कडेगाव पट्ट्यात नेमक्या याच दिवसांत दर वर्षी तोच प्रकार होतो. चार दिवस झड लागते, मग उघडीप मिळते आणि प्लॉटमध्ये पिवळे पट्टे उमटतात. पिवळं म्हणजे खत कमी, असा हिशेब करून युरियाचं पोतं फुटतं. त्यानंही हिरवं होत नाही म्हणून पुढच्या आठवड्यात दुकानातून ह्युमिक, अमिनो, समुद्री शेवाळ आणि ‘मायक्रो’ची, म्हणजे सूक्ष्म अन्नद्रव्यांची बकेट येते. काढणीला पाला कमरेएवढा आणि खाली गड्डा मुठीत मावेल एवढा.

या सगळ्यात राहून जाते ती एकच गोष्ट. रानात मुक्त चुना, म्हणजे मातीत मिसळलेली चुनखडी, किती आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं. माती परीक्षणाचा कागद घरात असतो, पण त्यातलं नत्र-स्फुरद-पालाश वाचून तो घडी घातला जातो. चुन्याचा रकाना एकतर रिकामा असतो किंवा कुणी वाचत नाही.

आधी पान नीट बघा. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर असेल, सगळं पान सारखंच फिकट असेल आणि शेंड्याचं पान हिरवं असेल तर नत्र कमी आहे. झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं, म्हणून खालचं आधी पिवळं होतं. शेंड्याचं नवं पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या आणि खालची पानं ठीक, तर लोह कमी आहे. लोह एका पानातून दुसऱ्या पानात जात नाही, म्हणून मार नव्या पानाला बसतो. उसाला जो केवडा पडतो तोच हा. जुन्या पानाच्या कडा करपल्यासारख्या असतील तर पालाश पाहा. नवं पान अरुंद आणि आखूड राहत असेल तर जस्त. आणि पान पिवळं पडून कडेपासून वाळतंय, खोड ओढलं तर सहज हातात येतंय, बुडाला घाण वास येतोय, तर ती कंदकूज आहे. तिथे कुठलंही खत चालणार नाही.

लोहाचा संशय असेल तर दहा रुपयांतली खात्री आहे. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा, कापसाच्या बोळ्यानं चार-पाच पिवळ्या पानांच्या अर्ध्या भागाला लावा आणि पानांना दोरा बांधून ठेवा. आठ दिवसांत लावलेला भाग हिरवा झाला आणि उरलेला पिवळाच राहिला तर प्रश्न मिटला. एवढं केल्याशिवाय बकेट घेऊ नका.

आता चुन्याकडे. आपल्या काळ्या रानात लोहाची टंचाई नाही. ती माती ज्या खडकापासून झाली त्यातच लोह भरपूर आहे. पण मुक्त चुना जास्त आणि सामू (पीएच) ८ च्या वर असला की ते लोह मुळाला घेता येईल अशा रूपात राहत नाही. त्यात झड लागली की मातीतली हवा कोंडते, मुळांनी सोडलेला कर्बवायू बाहेर पडत नाही, तो चुना आणि पाण्याशी मिळून बायकार्बोनेट होतो आणि लोहाची वाट आणखी अडवतो. म्हणून केवडा पावसानंतर दिसतो आणि म्हणूनच लोकांना वाटतं की पावसानं खत वाहून गेलं. हलक्या रानात नत्र थोडं धुपतंच, नाही असं नाही. पण त्यावर युरिया मारून पाला वाढवला की त्या वाढलेल्या पाल्याला लोह आणखी लागतं आणि नवं पान आणखी पिवळं निघतं.

चुना कुठे असेल याचा अंदाज रानातच मिळतो. नांगरताना पांढरे खडे वर येत असतील, सपाटीकरण करताना जेसीबीनं खालचा थर वर काढला असेल, ठिबकच्या नळीवर आणि ड्रीपरच्या तोंडाशी पांढरी खपली धरत असेल तर समजून चला. आमचा एक ठोकताळा असा, की ज्या तुकड्यात उसाला पावसाळ्यात केवडा पडायचा त्याच तुकड्यात हळदीलाही पडतो, अगदी हद्द आखल्यासारखा. घरी पाहायचं तर चमचाभर वाळलेल्या मातीवर व्हिनेगर टाका. फेस आला तर चुना बराच आहे. फेस नाही आला म्हणून चुना नाहीच असं धरू नका, व्हिनेगर फार सौम्य असतं. आकडा प्रयोगशाळेतूनच घ्या.

खतं टाकून झाली, आता नमुना घेऊन काय उपयोग, असं म्हणून हे काम पुढं ढकललं जातं. नत्र-स्फुरद-पालाशाच्या बाबतीत ते बरोबर आहे, त्यासाठी खतानंतर दोन-तीन महिने जाऊ द्यावे लागतात. पण मुक्त चुना खताच्या एका डोसानं बदलत नाही. तो उभ्या पिकातही तपासता येतो. गादीवाफ्यावर आठ-दहा ठिकाणी खताची जागा टाळून २० सेंटिमीटरपर्यंतची माती घ्या, बांधाजवळची आणि शेणखताच्या ढिगाखालची सोडा, प्लॅस्टिकच्या बादलीत मिसळा, सावलीत वाळवा, अर्धा किलो पाठवा. चिठ्ठीवर ‘मुक्त चुना, सामू, क्षारता, लोह, जस्त’ असं स्वतः लिहा. न लिहिता नमुना दिला तर नेहमीचे तीन आकडे येतात. कृषी विभागाची जिल्हा प्रयोगशाळा आहे, बऱ्याच साखर कारखान्यांकडेही सोय आहे. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी देत असाल तर त्याची बाटलीही सोबत द्या.

कागद आला की असा वाचा. मुक्त चुना ५ टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही. ५ ते १० असेल तर खताची निवड बदला. १० च्या वर असेल तर खाली सांगितलेलं सगळं करा. लोह ४.५ पीपीएमच्या खाली आणि जस्त ०.६ पीपीएमच्या खाली असेल तर कमी समजा. क्षारता १ च्या वर असेल तर पोत्यापेक्षा निचऱ्याचा खर्च आधी करा. कृष्णाकाठच्या चिबड (पाणी साचून बिघडलेल्या), चोपण (सोडियम साठून घट्ट झालेल्या) रानांत नेमकं याच्या उलट होतं, आधी पोतं फुटतं.

कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २०० किलो नत्र, १०० किलो स्फुरद, १०० किलो पालाश आहे. एकरी ८०:४०:४०. स्फुरद आणि पालाश लागवडीलाच, नत्र निम्मं दीड महिन्यानं आणि निम्मं भरणीला. म्हणजे भरणीला एकरी ४० किलो नत्र उरतं. युरियातून द्यायचं तर ८७ किलो, दोन पोत्यांना थोडं कमी. अमोनियम सल्फेटमधून द्यायचं तर १९५ किलो, चार पोती.

चुन्याच्या रानात निदान निम्मं नत्र अमोनियम सल्फेटमधून द्या. ते मुळाभोवतीची माती थोडी आम्लधर्मी करतं, त्या कोपऱ्यात लोह सुटतं, वर गंधकही मिळतं. युरिया चुन्याच्या रानात उघडा पडला तर अमोनिया होऊन हवेत जातो. टाकला की लगेच मातीआड करा. शिफारस दोन हप्त्यांची असली तरी हलक्या चुनखडीच्या रानात भरणीचा हप्ता दोनदा विभागून दिलेला बरा, असा रानातला अनुभव सांगतो. भारी रानात त्याची गरज दिसत नाही. भरणीनंतर उशिरा युरिया देत राहिलात तर पाला वाढतो, गड्डा भरत नाही.

लोह जमिनीतून देताना नुसतं फेरस सल्फेट फेकू नका. चुन्यात ते काही दिवसांत तांबडी माती होऊन बसतं. एकरी १० किलो फेरस सल्फेट १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओलसर ठेवून सावलीत आठ दिवस मुरवा आणि भरणीत ओळीच्या बुडाशी देऊन मातीनं झाका. जस्त कमी असेल तर ८ किलो झिंक सल्फेट त्याच ढिगात घाला. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये मात्र झिंक मिसळू नका, दोन्ही वाया जातात. खरेदी करताना फेरस सल्फेटचे खडे फिकट हिरवे असावेत. तांबूस-पिवळी भुकटी झालेली घेऊ नका.

केवडा दिसतच असेल तर जमिनीतल्या खताची वाट न पाहता फवारा: १० लिटर पाण्यात आधी १० ग्रॅम सायट्रिक आम्ल, ते विरघळल्यावर ५० ग्रॅम फेरस सल्फेट, शेवटी स्टिकर, कारण हळदीच्या पानावर पाणी ठरत नाही. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एक. जुनी पानं पूर्ण हिरवी होणार नाहीत, नव्या पानाचा रंग बघा.

आता दुकानातला खेळ. लोहाचं चिलेट, म्हणजे लोह विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग, दोन तऱ्हेचं मिळतं. ईडीटीए हे १२ टक्के लोहाचं, स्वस्तातलं. फवारणीला ते चालतं. पण सामू ८ च्या चुन्याच्या रानात ठिबकमधून सोडलं की चुन्यातलं कॅल्शियम लोहाला हुसकून त्याची जागा घेतं आणि तुमचे पैसे मातीत जातात. जमिनीतून द्यायचंच असेल तर ६ टक्क्यांचं ईडीडीएचए, लालसर काळपट रंगाचं. ते अशा सामूतही टिकतं, पण महाग आहे, सगळ्या प्लॉटला देण्यासारखं नाही. पिवळ्या पट्ट्यापुरतं द्या. टक्के कमी म्हणून माल हलका, असं सांगून ईडीटीए गळ्यात मारलं जातं. पुडीवर ही अक्षरं वाचूनच पैसे द्या.

‘दहा किलो गंधक टाका, सामू खाली येतो’ हेही ऐकाल. एक एकराच्या वरच्या अर्ध्या फुटात १ टक्का चुना म्हणजे साधारण ९ टन चुना. तेवढा संपवायला जवळपास ३ टन गंधक लागेल. दहा किलो गंधक अन्नद्रव्य म्हणून पिकाला मिळेल, चांगलंच आहे, पण सामूचं नाव घेऊन ते विकत घेऊ नका. जिप्समचंही तसंच. ते चोपण रानाचं औषध आहे, तेही चर काढलेले असतील तर. जिथे आधीच चुन्याची खाण आहे तिथे जिप्सम कशाला?

१९:१९:१९ चं २५ किलोचं पोतं घेतलं तर त्यात नत्र पावणेपाच किलो. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात २०.७ किलो. ठिबकमधून थोडं थोडं द्यायला विद्राव्य खत सोयीचं आहे हे खरं, पण पोत्याची भूक त्यानं भागवू गेलात तर हळद विकून खताची उधारी फेडाल. ह्युमिक, अमिनोबद्दल एवढंच: चांगलं कुजलेलं शेणखत एकरी १० टन पडलेलं असेल तर त्यांची उणीव भासत नाही, आणि पडलेलं नसेल तर बाटलीनं ती भरून निघत नाही.

भरणीची बाकी कामं:

– तण काढून घ्या. वाफसा, म्हणजे घात आल्याशिवाय गादीवर पाय ठेवू नका.
– निंबोळी किंवा करंजी पेंड एकरी ८०० किलो. मूठभर पेंड पाण्यात ढवळा. तळाला वाळू बसली तर परत करा.
– उघडे पडलेले गड्डे मातीनं झाका.
– ट्रायकोडर्मा (कुजीच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) एकरी २ किलो, शेणखतात मिसळून.
– कच्चं शेणखत, गरम मळी नको.
– ठिबकच्या नळ्या धुऊन घ्या.

निचऱ्याबद्दल मात्र यादीत लिहून भागणार नाही, कारण चुना आणि साचलेलं पाणी मिळूनच केवडा होतो आणि त्याच पाण्यात पुढं कंदकूज सुरू होते. कोयना, वारणेतून विसर्ग वाढला की नदीकाठच्या रानांची पाणीपातळी चर नसतील तर वर येते. गादीच्या कडेला सरीत पाणी चार तासांपेक्षा जास्त दिसलं तर शेवटच्या टोकाला, उताराकडे, सरीपेक्षा निदान वीतभर खोल चर आजच काढा. पाणी शेजाऱ्याच्या बांधाशी अडत असेल तर त्याच्याशी बोलणं पावसाआधी झालेलं बरं. पाणी निघेपर्यंत कुठलाही डोस देऊ नका. गुदमरलेलं मूळ खत घेत नाही आणि तेच खत कुजीला पोसतं.

कूज लागलेली रोपं गड्ड्यासह उपटून रानाबाहेर न्या. त्या जागी आणि भोवतीच्या हातभर पट्ट्यात १ टक्का बोर्डो मिश्रणाची आळवणी करा: १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना वेगवेगळ्या भांड्यांत, मिळून १०० लिटर पाणी. बोर्डो पडलेल्या जागी पंधरा-वीस दिवस ट्रायकोडर्मा देऊ नका, तांब्यानं ती मरते.

पुढच्या दोन दिवसांत मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर भरणी थांबवा, शेणखतात मुरवलेलं लोह तसंच सावलीत झाकून ठेवा आणि मातीचा नमुना तेवढ्यात पोचवा. अहवाल यायला वेळ लागतोय आणि पीक फार पिवळं आहे, तर फवारणी करून घ्या आणि युरियाचं पोतं कागद येईपर्यंत शिवलेलंच राहू द्या.