डांबर मोजणारं न्यूक्लिअर गेज: अमेरिकेत मटेरियल टेस्टिंगमध्ये नवीन असाल तर

सिव्हिल करून एमएसला इकडे आलेली आपली बरीच मुलंमुली पहिली नोकरी म्हणून मटेरियल टेस्टिंगमध्ये लागतात, आणि डांबर प्लांटच्या लॅबमध्ये डांबराचं प्रमाण मोजणाऱ्या न्यूक्लिअर गेजच्या पेटीवर किरणोत्सर्गाचं चिन्ह दिसलं की आधी घाबरतात आणि थोडे दिवस गेले की तिला नुसता वजनकाटा समजायला लागतात. दोन्ही नको, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आपल्याकडे साइट लॅबला डांबराचं प्रमाण काढायचं म्हणजे सेंट्रिफ्यूज. माल बाऊलमध्ये घ्या, सॉल्व्हंट ओता, फिरवा, धुणं स्वच्छ येईपर्यंत परत परत तेच, मग खडी वाळवून वजन, फिल्टर पेपरला चिकटलेलं आणि सॉल्व्हंटबरोबर वाहून गेलेलं फिलर, म्हणजे दगडाची बारीक पूड, पण धरायचं. पद्धत चांगलीच आहे, पण वेळ जातो आणि ट्रायक्लोरोएथिलीनसारखं सॉल्व्हंट रोज नाकात जाणं तब्येतीला वाईटच. गेजमध्ये यातलं काही नाही, गरम माल पॅनमध्ये भरला, पेटीत सरकवला, काही मिनिटं थांबलं की टक्का स्क्रीनवर.

पण तो टक्का येतो कुठून हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आत अमेरिशियम-२४१ आणि बेरिलियमचा किरणोत्सर्गी सोर्स असतो, अमेरिशियममधून अल्फा कण निघतात, ते बेरिलियमवर आदळले की वेगवान न्यूट्रॉन बाहेर पडतात. न्यूट्रॉन आणि हायड्रोजनचं केंद्रक वजनाने जवळपास सारखे, त्यामुळे कॅरममध्ये एक सोंगटी दुसरीवर समोरासमोर बसली की पहिली जशी जागेवर थांबते तसा न्यूट्रॉनचा वेग हायड्रोजनशी टक्कर झाली की झपकन उतरतो. खडीतल्या सिलिकॉन, कॅल्शियमला हे तेवढं जमत नाही. डिटेक्टर फक्त हे मंदावलेले न्यूट्रॉन मोजतो. म्हणजे गेजला डांबर दिसतच नाही, हायड्रोजन दिसतो, आणि डांबरात हायड्रोजन भरपूर असल्यामुळे त्यावरून आपण डांबर काढतो.

आता पाण्यात पण हायड्रोजन असतो ना, वजनाच्या ११ टक्के, आणि डांबरात साधारण १० टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे मालात ०.३ टक्के ओलावा राहिला तर गेज साधारण तेवढंच डांबर जास्त दाखवणार. आपल्या भारतातल्या रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये डांबराला जी सूट आहे ती ±०.३ टक्के, म्हणजे नुसत्या ओलाव्याने अख्खी सूट खाल्ली, आणि रस्त्यावर डांबर कमी पडत असताना कागदावर सगळं ओके. कमी डांबराचा थर लवकर सुटतो, खडी निघायला लागते, मग लोक पावसाला शिव्या देतात. म्हणून त्याच मालाचा वेगळा नमुना ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा, ओलाव्याचा टक्का काढायचा आणि गेजच्या आकड्यातून वजा करायचा. घाईच्या दिवशी हीच पायरी गाळली जाते, कुणी सिनियर म्हणाला की माल गरम आहे पाणी कुठलं राहतंय, तरी करा. पावसात भिजलेली खडी आणि रॅप, म्हणजे जुना खरवडलेला डांबरी माल, वापरत असतील तर नक्कीच करा.

दुसरं कॅलिब्रेशन. प्रत्येक मिक्सला वेगळं लागतं, आणि हे काम कंटाळवाणं असलं तरी नवीन माणसाने स्वतः मागून घ्यावं, मशीन कळतं ते इथेच. तीच खडी, तेच डांबर घेऊन डिझाइनच्या खाली-वर असे ठरवलेल्या टक्क्यांचे पॅन लॅबमध्ये बनवायचे आणि त्यांच्या काउंटवरून, म्हणजे मोजलेल्या न्यूट्रॉनच्या आकड्यावरून, रेषा बसवायची. खडीची खाण बदलली, डांबराचा पुरवठादार बदलला की परत. मिक्समध्ये हायड्रेटेड लाइम, म्हणजे विरवलेला चुना, असेल तर कॅलिब्रेशनच्या पॅनमध्येही तेवढाच हवा कारण त्यातही हायड्रोजन असतो. आणि रॅपमधलं जुनं डांबर गेज धरणारच, तो आकडा एकूण डांबराचा असतो, नव्याने घातलेल्याचा नाही.

पॅन भरणं हे हाताचं कौशल्य आहे. अर्धा भरा, कोपरे दाबून घ्या, मग वरचा थर, आणि प्लेटने काठाबरोबर सपाट. वजन कॅलिब्रेशनच्या पॅनएवढंच. रोज सुरुवातीला बॅकग्राउंड काउंट, म्हणजे पेटीत माल नसतानाचा आकडा, घ्या, मोजणी चालू असताना पेटीला टेकून उभं राहू नका (माणूस म्हणजे बहुतांश पाणी), बाजूला पाण्याचा कॅन ठेवू नका, आणि घनता मोजायचं गेज दहा मीटर तरी लांब, त्यातही न्यूट्रॉन सोर्स असतो. वेळ असेल तर ४ मिनिटांऐवजी १६ मिनिटांचा काउंट घ्या, मोजणीतली अनिश्चितता निम्मी होते.

सुरक्षेबद्दल: सोर्स आतच बंद असतो, घनतेच्या गेजसारखा रॉड खाली सोडायचा प्रकार नाही. अमेरिशियमचं अर्धायुष्य ४३२ वर्षं, त्यामुळे जुनं गेज म्हणजे सोर्स कमजोर झाला असेल असं समजू नका. अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा बॅज रोज लावा, इथल्या कायद्याने कामगाराची मर्यादा वर्षाला ५० मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) आहे, नीट काम करणाऱ्याचा आकडा त्याच्या खूपच खाली राहतो, तरी स्वतःचा रिपोर्ट मागून वाचा. मुलींनी हे माहीत करून घ्या, गरोदरपणी लेखी कळवलं तर बाळासाठी पूर्ण काळाची मर्यादा ५ मिलिसिव्हर्ट लागू होते, कळवायचं की नाही हा निर्णय तुमचा. आणि पेटी कधी उघडायची नाही, बिघडली तरी.

हल्ली बऱ्याच ठिकाणी इग्निशन ओव्हन आहे, ५३८ अंश सेल्सिअसला डांबर जाळून टाकायचं आणि घटलेलं वजन बघायचं. त्यात उरलेली खडी चाळून ग्रेडेशन, म्हणजे कुठल्या आकाराची खडी किती, ते पण मिळतं, गेजमध्ये ते मिळत नाही, शिवाय किरणोत्सर्गी सोर्सच्या लायसन्सची कटकट नाही. पण डोलोमाइटसारखी खडी स्वतःच त्या उष्णतेत वजन गमावते आणि करेक्शन मोठं होतं, तिथे मला अजूनही गेजचा आकडा जास्त पटतो. दोन्ही शिका.

नोकरीच्या दृष्टीने गेज सेफ्टीचा कोर्स आणि धोकादायक मालाच्या वाहतुकीचं ट्रेनिंग, जे दर तीन वर्षांनी परत लागतं, हे कंपनीकडूनच करून घ्या. फेडरल पैशाच्या कामावर टेस्ट करणारा माणूस क्वालिफाइड असावा लागतो आणि प्रत्येक राज्याचं सर्टिफिकेशन वेगळं, त्यामुळे राज्य बदलणार असाल तर आधीचं चालतं का हे ऑफर घेण्याआधीच विचारा. इंटरव्ह्यूत आश्टो टी २८७, म्हणजे या गेजच्या टेस्टचं अमेरिकन मानक, याबद्दल विचारलं तर ओलाव्याची दुरुस्ती का करतात हे स्वतःच्या शब्दात सांगा, कलमं पाठ म्हणून दाखवायची गरज नाही.