लमार खोऱ्यात बायसनच्या वासरांची छायाचित्रे कशी घ्यावीत

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात बायसनची बहुतेक वासरे एप्रिलच्या अखेरीस आणि मे महिन्यात जन्मतात. त्यांची तांबूस-नारिंगी लोकर दोन-तीन महिन्यांत काळपट तपकिरी होऊ लागते. म्हणून तो रंग टिपायचा असेल तर मे महिनाच गाठावा. जागा म्हणून मी या उद्यानातील लमार खोरे सुचवेन, कारण तेथे कळप रस्त्यालगतच्या उघड्या माळावर चरतात. (आपल्याकडे राधानगरीच्या गव्यालाही सवयीने बायसन म्हणतात, परंतु तो प्राणी वेगळा आणि रानातला.)

बायसनपासून किमान २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर, दूर राहणे बंधनकारक आहे. त्यामुळे ४०० मिमीच्या आसपासची टेलिफोटो लेन्स घ्यावी आणि खिडकीवर बीनबॅग (लेन्स टेकवायची दाणे भरलेली छोटी पिशवी) ठेवून गाडीतूनच काम करावे. इंजिन तर बंद ठेवावेच, पण हीटरही बराच आधी बंद करावा. गाडीतली उबदार हवा बाहेरच्या गारव्यात मिसळत असताना फोकस अचूक असूनही वासराच्या डोळ्याची कड धूसर येते आणि दोष उगाच लेन्सला दिला जातो.

चौकटीत आईचे काळपट अंग अधिक असेल, तर कॅमेरा एक्स्पोजर (चित्रासाठी घेतला जाणारा प्रकाश) वाढवतो आणि वासराची लोकर फिकी पडते. अशा वेळी एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉपने (स्टॉप म्हणजे एक्स्पोजर मोजण्याचे एकक) उतरवावे. मात्र मे महिन्यातही तेथे बर्फ पडतो, तेव्हा ते चढवावे लागते. वासरू कासेला ढुशा देऊ लागले की शटर स्पीड १/१००० सेकंदावर ठेवून थांबावे, कारण पिणे संपवून ते मान वर करते तेव्हा त्याच्या ओठांवर दुधाचा फेस असतो आणि मागे आईच्या अंगावरून हिवाळी लोकरीचे पुंजके लोंबत असतात. तो क्षण फार थोडा टिकतो.

एक डोळा मात्र आईच्या शेपटीवर असावा. शेपटी ताठ उभी राहिली, म्हणजे ती बिथरली, की कॅमेरा खाली ठेवून मागे सरावे. वासरू एकटे दिसले तरी त्याला हात लावू नये. २०१६ मध्ये एका पर्यटकाने असे वासरू गाडीत घातले, पुढे कळपाने ते स्वीकारले नाही आणि अखेर त्याला दयामरण द्यावे लागले. आई अनेकदा जवळच असते आणि हुंकार देऊन त्याला बोलावते. ते ज्या दिशेने पाहते, त्या बाजूला चौकटीत मोकळी जागा सोडून वाट पाहावी, कारण हुंकार ऐकताच ते तिकडेच धावत सुटते.