साठीनंतर सांदण दरी: आधी चष्म्याचं बघा

साठी ओलांडलीय आणि सह्याद्रीतल्या सांदण दरीत रॅपलिंगला, म्हणजे दोराने कडा उतरायला निघताय, तर सगळ्यात आधी चष्मा. दोन भिंगांचा किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर तो घालून उतरू नका. फक्त लांबचं दिसणारा साधा चष्मा करून घ्या आणि त्याला मागून दोरी लावा. कड्यावर पाय कुठे ठेवायचा हे बघायला मान खाली घातली की नजर नेमकी वाचायच्या भिंगातून जाते, पायाखालचा खडक धूसर होतो. त्यात घामाने चष्मा घसरतो आणि तो सावरायला हात मोकळा नसतो. मागच्या वेळी दोरीच राहिली होती, म्हणून पुन्हा सांगतो: दोरी लावा.

डॉक्टरांना नुसतं ‘ट्रेकला जातोय’ सांगू नका, दोराने कडा उतरायचाय असं स्पष्ट सांगा. ईसीजी काढा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लीडरला आधीच कळवा, कारण डोक्याला लागलं तर आत रक्तस्राव व्हायची भीती जास्त. बीपीची गोळी त्या सकाळी चुकवायची नाही. मधुमेह असेल तर ग्लुकोज खिशात ठेवा. सॅकमध्ये नको, ती कधी कधी वेगळ्या दोराने आधीच खाली जाते. चष्म्याची दोरी ओढून बघितलीत? बघा.

जिने उतरायचा सराव महिनाभर आधी सुरू करा. चढायचा सगळेच करतात. जपानी गिर्यारोहक युइचिरो मिउरा 2013 मध्ये 80 व्या वर्षी एव्हरेस्टवर पोचले, पण परतीला दुसऱ्या कॅम्पवरून हेलिकॉप्टर लागलं. सांदणमध्ये दोराचा टप्पा संपल्यावरही पायथ्याच्या डेहणे गावापर्यंत दगडधोंड्यांतून उतरायचंय, आणि तिथे आपले गुडघेच कामाला येणार.

जुन्या बुटांचे तळ ओढून बघा, पडून राहिले की गोंद सुटतो. हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा-मांड्यांचा पट्टा) चढवण्याआधी लघवीला जाऊन या. बिलेचा, म्हणजे पडलात तर धरून ठेवणारा, दुसरा दोर लावलाय का ते विचारा. नसेल तर उतरू नका, मागे कितीही रांग असो. मध्येच अडकलात तर निपचित लटकू नका, पाय हलवत राहा, नाहीतर रक्त पायांत साचून शुद्ध हरपू शकते.

पावसाळ्यात जायचंच नाही. हातमोजे, टॉर्च, पाणी, सुके कपडे. जादा चष्मा. आणि दोरी त्यालाही.