प्रीपेड फोनची ‘डील’ घेताना या चुका टाळा

गणपतीला गावी गेलो तेव्हा सासऱ्यांसाठी नवा फोन नेला होता. दुकानात स्कीम चालू होती, किंमत बाजारापेक्षा चांगली हजारभर रुपयांनी कमी. सासूबाईंनी फोनला हळदकुंकू लावलं, मी सासऱ्यांचं जुनं सिम आत घातलं आणि फोनने ते घ्यायला साफ नकार दिला. फोन एकाच मोबाइल कंपनीच्या सिमला बांधलेला होता. त्या कंपनीची रेंज घरात शून्य, मागच्या विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर दोन दांड्या. ऐन भाद्रपदात, छत्री धरून. खोक्यावर सगळं लिहिलेलं होतं, मी वाचलंच नव्हतं.

चूक पहिली: फक्त फोनची किंमत बघणं

फोन स्वस्तात आणि त्याबरोबर ठरावीक कंपनीचं सिम किंवा रिचार्ज, अशा डीलमध्ये फोन हा एकूण खर्चाचा एक भाग असतो. बाकीचे पैसे रिचार्जमधून जातात, म्हणून मोजायचं ते पूर्ण मुदतीचं.

२०१७ मधलं उदाहरण घ्या. एअरटेलने कार्बनचा ‘ए४० इंडियन’ १,३९९ रुपयांत म्हणून आणला. काउंटरवर मात्र २,८९९ द्यायचे होते. उरलेले १,५०० कॅशबॅकने येणार, तेही दोन हप्त्यांत: १८ महिन्यांनी ५०० आणि ३६ महिन्यांनी १,०००. त्यासाठी दरमहा १६९ चा रिचार्ज सलग ३६ महिने, किंवा दर १८ महिन्यांत निदान ३,००० रुपयांचे रिचार्ज. १६९ गुणिले ३६ म्हणजे ६,०८४. त्यात २,८९९ मिळवा, १,५०० वजा करा, आकडा येतो ७,४८३. जाहिरातीत दिसले १,३९९.

ही फसवणूक होती का? नाही. ज्याचा रिचार्ज तसाही तेवढा होणार होता त्याला १,५०० रुपये खरंच परत मिळणार होते. पण जो माणूस फोन फक्त इनकमिंगसाठी ठेवतो, त्याने दीड हजार परत मिळवायला सहा हजार घालवायचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार. शिवाय ४ इंची पडदा आणि १ जीबी रॅमचा फोन तीन वर्षं रेटायचा होता, तेव्हा कुठे शेवटचे हजार.

२०२१ च्या दिवाळीतला जिओफोन नेक्स्ट हप्त्यांवर असाच मांडला होता. रोख ६,४९९. नाहीतर १,९९९ आधी, ५०१ प्रोसेसिंग फी आणि सगळ्यात लहान प्लॅनला ३०० चे २४ हप्ते. बेरीज ९,७००. रोख किमतीपेक्षा ३,२०१ जास्त, म्हणजे महिन्याला साधारण १३३ रुपये, आणि त्यात ५ जीबी डेटा व १०० मिनिटं. दर वाईट नव्हता. पण १०० मिनिटं म्हणजे दिवसाला जेमतेम सव्वातीन मिनिटं. आमच्या मावशीचं ‘जेवलास का’ एवढ्यातच ती संपतात, मग वरचा रिचार्ज आलाच.

दुकानात उभं राहून बिलाच्या पाठीवर एवढंच लिहा: आज देणार ते, अधिक मुदतीतले सगळे रिचार्ज किंवा हप्ते, वजा परत येणार ते. आलेल्या आकड्याला महिन्यांनी भागा. मग तोच फोन साधा विकत घेऊन हवा तो प्लॅन टाकला तर महिन्याला किती पडतं ते शेजारी लिहा.

चूक दुसरी: २८ दिवसांना महिना समजणं

वरचा हिशोब इथे चुकतो. २८ दिवसांचा प्लॅन वर्षात १३ वेळा भरावा लागतो. २९९ चा असेल तर वर्षाचे ३,५८८ नाही, ३,८८७. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला भरायचा ठेवायला लावला. दुकानदार तो आपणहून सांगत नाही, विचारा. ज्यांना नेट लागतच नाही त्यांच्यासाठी डिसेंबर २०२४ च्या नियमानंतर फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅनही आले आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन असेल तर आधी तेच बघा.

आणि ‘रोज २ जीबी’ ऐकून हुरळू नका. उरलेला डेटा बहुतेक प्लॅनमध्ये रात्री बाराला जातो. घरी वायफाय असेल तर त्यातला बराचसा तुम्ही कधी वापरणारच नाही.

चूक तिसरी: लॉक न विचारणं

लॉक म्हणजे फोनमध्ये एकाच कंपनीचं सिम चालणं. आपल्याकडे फोन म्हटला की कुठलंही सिम चालतं, ही सवय. त्यामुळे हा प्रश्न तोंडात येतच नाही. पण २०२३ मध्ये पोको सी५१ ची एक आवृत्ती ‘लॉक्ड विथ एअरटेल प्रीपेड’ असं नावातच लिहून विकली गेली. आमचा फोन तो नव्हे, पण जात तीच. लॉक वाईटच असतं असं नाही. घरात, शेतात, नोकरीच्या जागी त्या कंपनीची रेंज पक्की असेल तर सवलत खुशाल घ्या. फक्त तपासा आधी, आणि फोन जो वापरणार त्याच्या गावात. पुण्यात बसून नाही.

हप्त्यावरच्या फोनचं लॉक वेगळं. तिथे हप्ता थकला की फोनच बंद पडू शकतो. नेमकं काय बंद होतं आणि पैसे भरल्यावर किती वेळात सुरू होतं, हे आधीच विचारून ठेवा.

चूक चौथी: ‘५जी’ एवढंच वाचणं

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला रेडमी ए४ ५जी पाहा. साडेआठ हजारांत ५जी, पण फक्त एसए प्रकारचं (४जीच्या जाळ्याचा आधार न घेता चालणारं). जिओचं जाळं एसए, एअरटेलचं तेव्हा एनएसए (४जीच्या आधारावर चालणारं). म्हणजे एअरटेलचं सिम टाकलं तर ५जी फोनवर ४जी. वर जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर अमर्याद ५जी मिळायला रोज २ जीबी किंवा त्यावरचा प्लॅन लागू लागला. स्वस्त फोन घेऊन महाग रिचार्ज गळ्यात.

चूक झालीच असेल तर

आधी खोकं, बिल आणि अटींचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, रिचार्जच्या पावत्यांसकट. कॅशबॅक मागताना त्याच लागतात. परत करायची मुदत उलटली नसेल तर सील फोडण्याआधीच ठरवा. लॉक सुटण्याची तारीख कस्टमर केअरकडून लेखी घ्या, चॅटवर मिळाली तरी चालेल.

आम्ही काय केलं? तो फोन मी ठेवला, माझ्याकडे रेंज आहे. सासऱ्यांना माझा जुना दिला. त्यात त्यांचं सिम चालतं, आणि पावसात विहिरीवर जावं लागत नाही.