"चालेल" म्हणजे नेमकं किती? ॲस्पर्जर असताना परफेक्शनिझमसोबत कसं राहायचं

तीन ओळींचा मेल होता. मीटिंग गुरुवारऐवजी शुक्रवारी ठेवता येईल का, एवढंच विचारायचं होतं. पण "शक्य असल्यास" लिहिलं तर त्यांना वाटेल की नाही जमलं तरी हरकत नाही, नाही लिहिलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटेल, नावापुढे स्वल्पविराम द्यायचा का, "कृपया" दोनदा आलंय का, असं करत करत १ तास ४० मिनिटं गेली. उत्तर काय आलं? "ओके." आणि मग पुढचा अर्धा तास ते ओके रागातलं की साधंच यावर मी एकटीच काथ्याकूट करत बसले.

हे वाचून "अरे, हे तर माझंच" असं झालं असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे. नावाचं आधी उरकून टाकते. ॲस्पर्जर हे आता वेगळं डायग्नोसिस राहिलेलं नाही, २०१३ मध्ये डीएसएम-५ (मानसिक निदानांचं अमेरिकन पुस्तक) आलं तेव्हा ते ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये घेतलं आणि २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्येही (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) ते वेगळं नाहीये. पण ज्यांना आधी तेच नाव मिळालं त्यातले बरेच जण अजून तेच म्हणतात, मीपण.

आता मुद्दा. परफेक्शनिझमवरचे नेहमीचे सल्ले, म्हणजे "एवढं मनाला लावून घेऊ नकोस", "उन्नीस-बीस झालं तर काय बिघडतं", ते आपल्याला लागू पडत नाहीत आणि तो आपला हट्टीपणा नाहीये. बाकीच्यांच्या डोक्यात काम करता करता कुठेतरी एक घंटा वाजते, बास, झालं. माझ्या डोक्यात ती घंटाच बसवलेली नाही. उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये मांडलं होतं की ऑटिस्टिक डोकं तपशील आधी पकडतं आणि अख्खं चित्र जुळवणं त्याला जड जातं. त्यावर नंतर बरेच वाद झाले, पण माझ्यापुरतं सांगायचं तर रिपोर्टमधला चुकलेला आकडा आणि हेडिंगखाली जास्तीची पडलेली एक स्पेस, दोन्ही माझ्या कानात सारख्याच आवाजात ओरडतात. मग दोन्ही नीट केल्याशिवाय उठवत नाही.

त्यात तो "चालेल" शब्द. इतका फसवा शब्द दुसरा नसेल. "चालेल" म्हणजे छान आहे, "चालेल" म्हणजे आता नाइलाज आहे, "चालेल" म्हणजे माझं डोकं खाऊ नकोस. आणि आपल्याला सांगतात काय, तर "चालेल एवढं कर".

म्हणून माझ्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट एकच, थांबायची जागा काम सुरू करायच्या आधी ठरवायची आणि कागदावर लिहायची. डोक्यात ठेवून उपयोग नाही, डोक्यातली रेघ अर्ध्या तासात पुढे सरकते. मी मेल लिहायच्या आधी छोट्या चिठ्ठीवर लिहिते: नाव बरोबर, तारीख बरोबर, प्रश्न एकच, दोनदा वाचायचा, पाठवायचा. चिठ्ठीवर "नीट", "छान", "व्यवस्थित" असले शब्द येऊ द्यायचे नाहीत कारण ते मोजता येत नाहीत, ज्याच्यापुढे टिक करता येईल तेवढंच लिहायचं. सगळ्या टिका झाल्या की काम हातावेगळं, मग आतून कितीही खाजवत असलं तरी. आणि खाजवणार, ते धरूनच चाला. "आता मनाला पटलं" असं वाटायची वाट बघत बसलात तर दिवस जाईल.

काम दुसऱ्याने दिलं असेल तर ही चिठ्ठी त्यालाच विचारून भरायची. तीन प्रश्न: हे कोण वाचणार, यावरून काय ठरणार, आणि तुम्हाला हे किती वेळाचं काम वाटतं? तिसरा प्रश्न विचारायला मला वर्षानुवर्षं भीती वाटायची, वाटायचं की समोरचा म्हणेल हिला एवढंही कळत नाही. एकदा एका टेबलवर मी दोन दिवस घालवले, रंग, बॉर्डर, कॉलमची रुंदी सगळं तंतोतंत, आणि नंतर कळलं की साहेबांना ते फक्त स्वतःला आकडे डोळ्याखालून घालायला हवं होतं, वीस मिनिटांचं काम होतं. तेव्हापासून विचारते.

दुसरं, कामांचे तीन ढीग. प्रश्न एवढाच की चुकलं तर परत फिरवता येतं का? नाही येत ते "अ", म्हणजे औषधाचा डोस, पैसे पाठवताना खाते नंबर, सही करायचे कागद, इथे परफेक्शनिझम मोकळा सोडा, इथे तो सोनं आहे. "ब" म्हणजे चूक दुरुस्त होते पण लाज वाटते, मेल, प्रेझेंटेशन वगैरे. "क" म्हणजे कोणाच्या लक्षातही येणार नाही, फोल्डरची नावं, टॉवेलच्या घड्या. सुरुवातीला माझं सगळंच "अ" मध्ये जायचं, म्हणून नियम केला की दिवसाला "अ" दोनच. (आणि हो, हे ढीग सांभाळायला मी चार शीट्सची, रंग भरलेली एक फाइल बनवली होती. परफेक्शनिझम कमी करायची परफेक्ट सिस्टिम. ती डिलीट केली, तुम्ही बनवू नका.)

एक मात्र, "क" मधलं काहीतरी जीव लावून करायला मजा येत असेल तर खुशाल करा. पुस्तकं उंचीप्रमाणे लावताना मला जे गार वाटतं ते मी कोणाच्या सांगण्यावरून सोडणार नाही. मी फक्त बघते की हे करताना खांदे सैल आहेत का कानापर्यंत चढलेत. स्वतःच्या भावना पटकन ओळखता येत नाहीत असं आपल्यापैकी बऱ्याच जणांचं असतं, त्यामुळे "मला आनंद होतोय का" यापेक्षा खांदे, जबडा, श्वास हे बघणं सोपं पडतं.

सुरुवातच न होणं, हेपण परफेक्शनिझमच आहे बरं का. बाहेरून आळस दिसतो, आत मात्र पहिलं वाक्यच शेवटच्या वाक्याइतकं पक्कं हवं असतं. यावर मी मुद्दाम कच्चा खर्डा काढते, साध्या नोटपॅडमध्ये, जिथे फॉन्टच बदलता येत नाही, आणि वरती मोठ्या अक्षरात "खर्डा" लिहून ठेवते. लेबल लागलं की डोकं थोडं शांत होतं, कारण मग तो खराब असणं हेच बरोबर असतं.

टायमरबद्दल सगळे सांगतात पण एकच टायमर लावला तर आपण तो बंद करून परत कामाला लागतो, एकदम थांबणं जमत नाही म्हणून. दोन लावा. पहिला दहा मिनिटं आधीचा, तो फक्त "आवरतं घे" म्हणणारा, आणि दुसरा वाजणारा फोन दुसऱ्या खोलीत, म्हणजे उठावंच लागतं.

वस्तू निवडताना हाच ताप. हेडफोनसाठी मी तीन आठवडे टॅब उघडून बसले होते. हर्बर्ट सायमन, ज्यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी १९५६ मध्येच मांडून ठेवलंय की माणूस सगळ्यात उत्तम पर्याय शोधत बसत नाही, अटी पूर्ण करणारा पर्याय सापडला की थांबतो. आपल्याला ते आपोआप होत नाही, तर हाताने करायचं: आधी चार अटी लिहा (कान दुखत नाहीत, बाहेरचा आवाज अडतो, असं), चारही पूर्ण करणारा पहिला दिसला की घ्या आणि टॅब बंद. घेतल्यावर रिव्ह्यू वाचायचे नाहीत. हे सगळ्यात अवघड आहे.

चूक झाल्यावर काय? मी एकदा चुकीची फाइल अख्ख्या टीमला पाठवली, कळलं तेव्हा कान तापले, शब्द फुटेनात, तासभर नुसती भिंतीकडे बघत होते. अशा वेळी विचार करून काही सुटत नाही, आधी शरीर बघा: अंधार, शांतता, अंगावर जड काहीतरी, पाणी. मग दुरुस्तीची एक ओळ, "आधीची फाइल चुकीची होती, बरोबर सोबत जोडली आहे", आणि तीन पॅरेग्राफ माफी नको, माफी जितकी लांब तितकी लोकांना चूक मोठी वाटते. रात्री त्यावर विचार करायचा नाही, रात्री माझं डोकं वकील नसतं, फक्त फिर्यादी असतं. एका वहीत मी डावीकडे लिहिते काय होईल असं वाटलं, उजवीकडे खरं काय झालं. त्या दिवशी डावीकडे "नोकरी जाणार" आहे, उजवीकडे "दोघांनी थँक्स म्हटलं, बाकीच्यांनी उघडलीच नव्हती".

ही भीती येते कुठून? ह्यूइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्याकडून अपेक्षा, आणि लोकांना आपल्याकडून परफेक्टच हवंय असं वाटणं. माझा भुंगा तिसरा आहे. लहानपणापासून "असं बोलतात का", "असं बघायचं नसतं" ऐकत आलेल्या माणसाला चूक म्हणजे पकडलं जाणं वाटतं. दुसरा प्रकारही आहे, लोकांच्या चुका सुधारायची सवय. त्यावर साधा नियम, समोरच्याने विचारलं किंवा कोणाचं नुकसान होणार असेल तरच बोलायचं.

आणखी एक लक्षात आलं, थकले, आवाज जास्त झाले, प्लॅन बदलला, की माझा परफेक्शनिझम दुप्पट होतो. त्यामुळे एकच ओळ चौथ्यांदा बदलतेय असं दिसलं की मी ओळ सोडून देते आणि विचारते, शेवटचं खाल्लं कधी, झोपले किती.

आणि जर तुम्ही तपासत राहता ते "नाही तपासलं तर काहीतरी भयंकर होईल" म्हणून, किंवा तासन्‌तास त्यातच जातात, तर तो ओसीडी (नको असलेले विचार आणि त्यापायी तीच कृती परत परत करायला लावणारा आजार) असू शकतो, ऑटिझमसोबत तो बऱ्याचदा दिसतो. त्यावर वेगळी थेरपी असते, चिठ्ठ्या पुरणार नाहीत. थेरपिस्ट ऑटिझम समजणाराच शोधा.

सोबत राहणाऱ्यांसाठी: हातातलं काम अर्ध्यात ओढून घेऊ नका आणि "एवढं काय त्यात" म्हणू नका, माप द्या. माझी बहीण आधी "चालेल गं" म्हणायची आणि आमचं भांडण व्हायचं. आता ती आतल्या खोलीतूनच ओरडते, "क आहे ते, क!", आणि मी टॉवेल आहे तसा ठेवते. बहुतेक वेळा.